ग्रेनपासून डाल्टनपर्यंत: वजनाचं कन्व्हर्टर अ‍ॅप, आठ महिन्यांनंतर

फार्मसीच्या पहिल्या वर्षाला मी औषधांची गणितं शिकवते. अभ्यासक्रमात मोजमापांची जुनी ब्रिटिश (इम्पिरियल) पद्धत अजून आहे, त्यामुळे ग्रेन, स्क्रुपल, ड्रॅम दरवर्षी फळ्यावर येतातच. आठ महिन्यांपूर्वी एक मोफत कन्व्हर्टर फोनवर घेतलं, ते एकाच कारणासाठी: त्याच्या यादीत इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, डाल्टन (अणू-रेणूंच्या वस्तुमानाचं एकक) आणि ही जुनी औषधी वजनं शेजारीशेजारी आहेत.

याचा वर्गात फार उपयोग झाला. अ‍ॅस्पिरिनची ३२५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे मुळात ५ ग्रेनची. एक ग्रेन ६४.७९८९१ मिलिग्रॅम. पाच ग्रेनचे डाल्टन केले की १.९५ गुणिले १० चा २३ वा घात येतो. त्याला अ‍ॅस्पिरिनच्या रेणुभाराने, १८०.१६ ने, भागलं की गोळीतले रेणू हातात: १.०८ गुणिले १० चा २१ वा घात. बारावीपासून रसायनशास्त्रातल्या मोलला घाबरणारी मुलंसुद्धा हे गणित स्वतःहून पुन्हा करून बघतात.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. यादीत नुसतं ‘ड्रॅम’ लिहिलंय, ते १.७७ ग्रॅमचं व्यापारी ड्रॅम. औषधी ड्रॅम ६० ग्रेनचं, म्हणजे ३.८९ ग्रॅम, ते बरंच खाली वेगळ्या नावाने सापडतं. दुपटीहून जास्त फरक! माझ्या उत्तरसूचीत तीन उत्तरं चुकली, एका विद्यार्थिनीने वहीत हाताने सोडवून दाखवली तेव्हा कळलं. औंसाचंही तेच: औषधी ३१.१ ग्रॅम, व्यापारी २८.३५. ग्रेन मात्र दोन्हीकडे एकच. म्हणून आता मी काहीही असो, आधी ग्रेन करते आणि मगच पुढे जाते.

जुन्या फ्रेंच औषधकृतींसाठी हे अ‍ॅप वापरू नका. तिथला ग्रेन साधारण ५३ मिलिग्रॅमचा आणि स्क्रुपल २० नव्हे, २४ ग्रेनचा. अ‍ॅपला फक्त इंग्रजी ग्रेन ठाऊक आहे.

तोळा १८० ग्रेनचा, ११.६६ ग्रॅम दाखवतं. बरोबर आहे, पण सराफाकडचा आजचा तोळा १० ग्रॅमचा, हे लक्षात ठेवा.

अ‍ॅप काढलेलं नाही. फक्त फोनच्या कव्हरमागे चिठ्ठी आहे: २० ग्रेन एक स्क्रुपल, ३ स्क्रुपल एक ड्रॅम, ८ ड्रॅम एक औंस, १२ औंस एक पौंड.