कंपनीची पार्टी: पुण्यातली ब्रूअरी की कुंकळ्ळीची डिस्टिलरी?

मायक्रोब्रूअरी म्हणजे टाक्या असलेलं रेस्टॉरंट आणि डिस्टिलरी म्हणजे टेस्टिंग रूम असलेला कारखाना. कंपनीच्या कार्यक्रमाची जागा ठरवताना हा फरक डोक्यात ठेवला की निम्मं काम झालं. ऐंशी जणांना संध्याकाळी एकत्र बसून गप्पा मारायच्या असतील, तर पुण्यात ब्रूअरीसारखी सोय नाही. लोकांना काहीतरी नवीन दाखवायचं असेल, तर ब्रूअरीच्या काचेमागची चकचकीत टाकी दहा मिनिटांत बघून होते. त्यासाठी थेट गोव्यातली कुंकळ्ळी गाठावी.

पुण्यात पर्यायांचा तुटवडा नाही. राज्यातली पहिली मायक्रोब्रूअरी डूलालीने 2009 मध्ये इथेच सुरू केली. पुढे मुंढव्याची इंडिपेन्डन्स, एफिनगट अशी नावं आली. मोठ्या ग्रुपची यांना सवय आहे, पण सवय म्हणजे तयारी नव्हे. बुकिंगच्या वेळी मॅनेजर मेन्यू आणि पॅकेज पुढे करतो. त्याआधी त्याला विचारायचं, "आमच्या तारखेला टॅपवर कुठल्या बीअर असतील?" उत्तर ब्रूअरकडून आलं तर विश्वास ठेवावा. साधी एल प्रकारची बीअर तयार व्हायला दोन आठवडे लागतात, लागर प्रकारच्या बीअरला चार ते सहा. महिनाभर आधी ठरवलं तर तुमच्या तारखेसाठी टाकी राखून ठेवता येते. आठवड्यावर आलं असेल तर जे असेल ते प्यायचं. टाकी वेळेत संपवायची म्हणून घाईने काढलेल्या बीअरला लोण्यासारखा वास येतो. हा वास देणारा पदार्थ पचवायला यीस्टला वेळच मिळालेला नसतो. बुकिंगआधी चव घ्यायला गेलात तर हा वास आधी शोधा.

आता हिशेब. ऐंशी जणांत वीस जण न पिणारे धरा, उरलेल्या साठांना सरासरी तीन ग्लास, ग्लास 330 मिलीचा. म्हणजे साधारण 60 लिटर. फेसात आणि लाइनमध्ये, म्हणजे टॅपपर्यंतच्या नळीत, वाया जाणारी धरून 65 लिटर मागा. त्यातली निम्मी हेफेवाइझन ठेवा. केळं-लवंगेच्या वासाची ही गव्हाची बीअर पहिल्यांदा क्राफ्ट पिणाऱ्यालाही आवडते. उरलेल्यात एक हलकी लागर आणि एक सायडर, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाचं पेय. आयपीए (इंडिया पेल एल) हौसेखातर मागवली जाते आणि कडू म्हणून टेबलावर तशीच राहते. तिच्यासाठी दहा लिटरही जास्त होतात.

खरी गर्दी पहिल्या दहा मिनिटांत होते. भाषण संपतं आणि साठही जण एकदम काउंटरवर येतात. एक ग्लास नीट भरायला वीस सेकंद लागतात, म्हणजे एका टॅपवर साठ ग्लासांना वीस मिनिटं. त्यात सलग ओतल्याने लाइन गरम होते आणि निम्मा ग्लास फेसाने भरतो. हेफेवाइझनला दोन टॅप द्यायला सांगा, आणि लोक बसायच्या आधी प्रत्येक टेबलावर चार-पाच छोट्या ग्लासांचा सॅम्पलर ट्रे ठेवून घ्या. ट्रेमुळे रांग लागत नाही आणि कोणाला काय आवडतं तेही कळतं.

भाषणं मात्र बीअरच्या आधी. उंच छत, काच, सिमेंटची जमीन आणि स्टीलच्या टाक्या यांत आवाज घुमतो. दुसऱ्या ग्लासानंतर माइक असूनही सीईओ ऐकू येत नाही. अवॉर्ड द्यायचे असतील तर साडेसहा ते सव्वासात, तेही फक्त चहा आणि स्टार्टर्सवर. प्रोजेक्टर लावणार असाल तर त्याच वेळी जाऊन पडदा बघा; पश्चिमेकडे काच असेल तर सात वाजेपर्यंत स्लाइडवर काही दिसत नाही.

तारीख ठरवताना एचआरने दोन पंचांग उघडावीत, एक कंपनीचं आणि एक खरं. आषाढी आणि कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी, 2 ऑक्टोबर हे ड्राय डे. गणपतीत पुण्यात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश बघितल्याशिवाय कुठलीही तारीख पक्की करू नये. निवडणूक असली की मतदान संपण्याआधीचे 48 तास आणि मतमोजणीचा दिवस गेला. कागदावर मोकळा असलेला श्रावण प्रत्यक्षात अवघड. निम्मी टीम पीत नाही, बरीचशी नॉनव्हेजही खात नाही, आणि पॅकेज मात्र सगळ्यांचं लागतं. गटारीच्या आठवड्यात उलट स्थिती: जागा मिळत नाही, मिळालीच तर वाटाघाटीला वाव नाही. गुरुवार आणि संकष्टी टाळल्या तर साबुदाणा वड्याची वेगळी ऑर्डर वाचते. बुधवार सगळ्यात सोयीचा, त्या दिवशी ब्रूअरीलाही गर्दी हवी असते आणि दरात माणसं ऐकतात.

पॅकेजमध्ये पैसे कुठे जातात ते पाहू. समजा तीन तासांचं अनलिमिटेड पॅकेज माणशी 2,000 रुपये आहे आणि बीअर सोडून बाकी सगळं 1,300 रुपयांना. ऐंशी जणांना एकच दर लावला तर 1,60,000. साठ आणि वीस असे दोन दर लावून घेतले तर 1,46,000. हे 14,000 रुपये फक्त विचारल्यामुळे वाचतात, आणि बऱ्याच ठिकाणी विचारेपर्यंत दुसरा दर अस्तित्वातच नसतो. मिनिमम गॅरंटी, म्हणजे कोणी आलं नाही तरी जितक्यांचे पैसे द्यायचे तो आकडा, लिहून देताना खरा आकडा ऐंशी असेल तर सत्तर द्या. शुक्रवारी संध्याकाळी "रिलीज आहे" म्हणून गळणारे दरवेळी असतात. वाढलेल्या माणसांचा दर तोच राहील, हे मात्र त्याच कागदावर हवं.

बिल येतं तेव्हा फायनान्सचा फोन ठरलेला. दारूवर जीएसटी नाही, व्हॅट आहे, जेवणावर जीएसटी. म्हणून दोन वेगळी बिलं आधीच मागा. जेवणाच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) अशा पार्टीवर मिळत नाही, तेव्हा बजेट करासकटच धरा. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, पण पॅकेजच्या कागदावर बारीक अक्षरात सही करून घेतली जाते. सहीआधी ती ओळ खोडून घ्यावी.

वयाचा मुद्दा एचआरच्या लक्षात उशिरा येतो. महाराष्ट्रात सौम्य बीअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षं पूर्ण लागतात. सौम्य म्हणजे 5 टक्क्यांपर्यंतची. नव्याने भरती झालेली मुलं 22-23 ची असतात, आणि क्राफ्टमधल्या बऱ्याच बीअर 5 च्या वर जातात. मे 2024 च्या कल्याणीनगर अपघातानंतर पुण्यात ओळखपत्र खरोखरच बघितलं जातं. तेव्हा नावांच्या यादीत वय लिहा आणि कमी वयाच्यांना वेगळ्या रंगाचा बँड द्या. दारात अडवलं गेलं तर त्या मुलाची शोभा होते आणि संध्याकाळचा मूडही जातो. गाडी चालवण्याची मर्यादा रक्ताच्या 100 मिलीमागे 30 मिलीग्रॅम आहे, म्हणजे बऱ्याच जणांसाठी दुसऱ्या ग्लासातच धोका. दुचाकी ऑफिसात ठेवून टेम्पो ट्रॅव्हलरने न्यायचं आणि घराच्या दिशेने सोडायचं, हा खर्च पार्टीच्याच बजेटमध्ये धरा.

आता कुंकळ्ळी. मडगावच्या दक्षिणेला, औद्योगिक वसाहतीत जॉन डिस्टिलरीजची पॉल जॉन ही डिस्टिलरी आहे. 2012 मध्ये त्यांची पहिली सिंगल माल्ट व्हिस्की लंडनमध्ये बाजारात आली. इथे बघण्यासारखं खरोखर आहे: भारतीय सहा-रांगी बार्ली, स्कॉटलंडहून आणलेल्या पीटचा (दलदलीतल्या मातीच्या जळणाचा) धूर, पॉट स्टिल्स म्हणजे दारू गाळायची तांब्याची भांडी आणि बॅरल्सचं गोदाम. गोव्याच्या उकाड्यात बॅरलमधून वर्षाला उडून जाणारी दारू स्कॉटलंडच्या तीन-चार पट असते. स्कॉटलंडमध्ये बारा वर्षांत येते ती पक्वता इथे निम्म्या वेळात का येते, हे गोदामात उभं राहिलं की नाकालाच कळतं. न पिणाऱ्याला इथे ब्रूअरीपेक्षा जास्त मिळतं, कारण निम्मा कार्यक्रम वास घेण्याचा आहे.

गट मोठा असला की गाडी इथे अडते. एका गाईडबरोबर पंधरापेक्षा जास्त माणसं नेऊ नयेत. मागच्यांना स्टिल हाउसच्या घरघरीत काही ऐकू येत नाही. साठ जण म्हणजे चार बॅच. एक फेरी सव्वा तासाची धरली आणि गाईड एकच असेल, तर सकाळी अकराला सुरू झालेलं काम चारला संपतं. चार गाईड असतील आणि बॅच वीस-वीस मिनिटांनी सोडल्या, तर सव्वा वाजता सगळे मोकळे. म्हणून ईमेलमध्ये पहिला प्रश्न हाच: आमच्या दिवशी एकाच वेळी किती गाईड मिळतील? दुसरा प्रश्न, त्या दिवशी स्टिल्स चालू असतील का? वार्षिक देखभालीसाठी प्लांट बंद असला तर टूर म्हणजे रिकाम्या भांड्यांचं प्रदर्शन.

टेस्टिंगचा क्रम बिनपीटची ब्रिलियन्स, मग हलक्या धुराची एडिटेड, शेवटी बोल्ड असाच ठेवावा. उलट गेलात तर पीटने जीभ बधिर होते आणि ब्रिलियन्स पाण्यासारखी लागते. तिन्ही 46 टक्क्यांच्या. पंधरा मिलीचे तीन पेग म्हणजे 45 मिली, आणि त्यात जवळजवळ 415 मिली साध्या बीअरइतकं अल्कोहोल. ते दहा मिनिटांत, रिकाम्या पोटी, उन्हातून आल्यावर. त्यामुळे आधी भरपेट नाश्ता, सोबत पाणी, आणि दोन घोटांमध्ये किमान पाच मिनिटं. अल्कोहोलची वाफ पेट घेते, म्हणून स्टिल हाउस आणि गोदामात मोबाइल-फ्लॅश चालत नाही. जाळीच्या जिन्यांवर हिल्स आणि चप्पल दोन्ही नकोत. ही सूचना आदल्या रात्री ग्रुपवर टाकली नाही तर निम्मे लोक बीचवरच्या स्लीपर घालून येतात.

वीस-पंचवीस जणांची टीम असेल आणि महिना मार्च ते मे असेल, तर मी काजूच्या भट्टीला जास्त गुण देईन. कुंकळ्ळीतच काझुलोची फेणी डिस्टिलरी आहे. कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडात, तुडवलेली बोंडं, आंबवलेला रस, लाकडावर तापणारं भाण, म्हणजे गाळायचं भांडं. पहिल्या धारेचं उर्राक फक्त याच महिन्यांत मिळतं, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून. काजूच्या फेणीला 2009 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तरी पुण्या-मुंबईच्या बहुतेकांनी ती नाक दाबूनच प्यायलेली असते. समोर गाळताना बघितली की तो समज जातो. चाळीसच्या वर माणसं असतील तर भट्टीचा नाद सोडा. सावली आणि स्वच्छतागृह दोन्ही कमी पडतात.

प्रवासाचा हिशेब दाबोळी विमानतळावरून धरा. मोपा विमानतळावर उतरलात तर बसमध्ये दोन तासांहून जास्त जातात आणि सकाळची बॅच हुकते. आणि प्रत्येकाला भेट म्हणून बाटली देण्याची कल्पना मुंबईच्या मॅनेजमेंटला कितीही आवडली, तरी ती हाणून पाडा. बसने परतताना महाराष्ट्राच्या हद्दीतल्या इन्सुली नाक्यावर उत्पादन शुल्कवाले गाडी उघडायला लावतात. परमिटशिवाय साठ बाटल्या सापडल्या की ती भेट राहत नाही, वाहतूक ठरते, आणि बससकट सगळं अडकतं. भेट द्यायचीच असेल तर टेस्टिंगचे ग्लास द्या.