फ्लुओ-४ एएमच्या नावाखाली मिळालेले फ्लुओरेसिन

मुंबईच्या उपनगरातील एका महाविद्यालयाच्या पेशीजीवशास्त्र प्रयोगशाळेत मी संशोधन सहायक आहे. पेशींमधील कॅल्शियमचे चढउतार पाहण्यासाठी आम्हाला फ्लुओ-४ एएम हा डाय, म्हणजे कॅल्शियम जोडले की चमकणारे रंगद्रव्य, हवा होता. अधिकृत वितरकाने सहा आठवड्यांची मुदत सांगितली आणि प्रकल्पाचा निधी तर ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा होता. त्या घाईत प्रिन्सेस स्ट्रीट परिसरातील एका पुरवठादाराने ५० मायक्रोग्रॅमच्या १० कुप्या जवळपास निम्म्या किमतीत, म्हणजे १४,५०० रुपयांत देऊ केल्या. "मॅडम, माल गोडाउनलाच आहे, फक्त पेमेंट आधी लागेल," एवढ्यावर विसंबून आम्ही पूर्ण रक्कम पाठवली.

पार्सल आले तेव्हा थर्माकोलच्या डब्यातील जेल पॅक कोमट झाले होते. हा डाय उणे २० अंशांवर, कोरडा आणि अंधारात ठेवावा लागतो, त्यामुळे ते दारातूनच परत करायला हवे होते. पण लेबल चोख होते, विश्लेषण प्रमाणपत्र सोबत होते आणि डीएमएसओ या द्रावकात केलेला स्टॉक, म्हणजे डायचे दाट द्रावण, बफरमध्ये (पेशींना मानवणाऱ्या क्षारद्रावणात) टाकताच द्रावण असे लख्ख हिरवे चमकले की आमचा जीव भांड्यात पडला.

वास्तविक संशय यायला हवा होता तो त्या चमकण्यामुळेच. फ्लुओ-४चे एएम रूप जवळजवळ चमकतच नाही. ते पेशीपटलातून आत शिरते, आतील एस्टरेज विकरे त्याचे एस्टर गट तोडतात, मोकळा झालेला डाय आतच अडकतो आणि कॅल्शियम जोडले गेले की त्याची चमक शंभर पटींहून अधिक वाढते. आमच्या सूक्ष्मदर्शकाखाली नेमके उलटे दिसत होते: पार्श्वभूमी झगझगीत, त्यात हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) काळ्या ठिपक्यांसारख्या, आणि बफरने दोनदा धुतल्यावर सगळाच अंधार. पेशीपटलातून कॅल्शियम आत नेणारे आयोनोमायसिन टाकल्यावर ते पेशीत धावून यायला हवे, पण आलेख जागचा हलला नाही. चार दिवस आम्ही पेशींना, इन्क्युबेटरला आणि खरे सांगायचे तर एकमेकींनाही दोष देत राहिलो.

शेवटी ओळखीच्या प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणुभार मोजणारी चाचणी, करून घेतली. फ्लुओ-४ एएमचा रेणुभार सुमारे १०९७ असतो. आमच्या कुपीतील पदार्थाचा ३३२ निघाला. ते साधे फ्लुओरेसिन होते. १८७१ साली अडॉल्फ फॉन बायर यांनी प्रथम तयार केलेले हे रंगद्रव्य आजही नेत्रतज्ज्ञ डोळ्याच्या पारपटलावरील ओरखडा शोधायला वापरतात, आणि फ्लुओ-४ एएमच्या तुलनेत ते मातीमोल भावाने मिळते. दोन्ही डाय ४९४ नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाने उद्दीपित होतात आणि दोन्ही हिरवेच चमकतात. म्हणजे नुसता वर्णपट ताडून पाहणाऱ्याला फरक कळू नये, हे जाणून कोणीतरी ही निवड केली असावी. हे काम अडाण्याचे नव्हे.

कागदपत्रे आम्ही त्यानंतर तपासली, हा आमचा निव्वळ ढिसाळपणा. प्रमाणपत्रावरील लॉट क्रमांक उत्पादकाच्या नोंदीत नव्हता, बिलावर डायच्या नावाऐवजी केवळ "लॅब केमिकल्स" होते आणि जीएसटी पोर्टलवर त्या क्रमांकाची नोंदणी रद्द झालेली दिसत होती. हे तिन्ही तपास पैसे पाठवण्यापूर्वी दहा मिनिटांत झाले असते. आता असा माल आला की मी सर्वप्रथम थेंबभर स्टॉक बफरमध्ये मिसळून निळ्या टॉर्चखाली धरते. एएम रूप तिथेच चमकले तर बाकीच्या कुप्यांचे सील तोडत नाही.

पुरवठादाराने आधी "तुमच्या पेशी मेल्या असतील" असे ऐकवले, मग फोन उचलणे बंद केले. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली असून उरलेल्या कुप्या पुरावा म्हणून फ्रीझरमध्ये ठेवल्या आहेत. मागच्या आठवड्यात शेजारच्या विभागातील सहकाऱ्यांना याच डायचे, याच किमतीचे कोटेशन आले. फर्मचे नाव निराळे होते, पण बँक खात्याचा क्रमांक तोच.