माध्यम संशोधनातील परदेशी भागीदारी : बहुराष्ट्रीय गट की एकच जोडीदार विभाग?

नाशिकमधील जनसंज्ञापन विभागांतील प्राध्यापकांसमोर परदेशी सहकार्याचे प्रस्ताव बहुधा दोन प्रकारांनी येतात. एकात अनेक देशांचे संशोधक मिळून एकच प्रश्नावली राबवतात आणि आपण ‘भारताचा संघ’ म्हणून त्यात सामील होतो. दुसऱ्यात परदेशातील आपल्याच आकाराच्या एखाद्या विभागाबरोबर विषय ठरवण्यापासून लेख लिहिण्यापर्यंतचे सगळे काम आपण दोघे मिळून करतो. दोन्ही मार्गांनी काम केल्यावर माझा कल कोणीकडे झुकला आणि का, एवढेच येथे मांडतो. विद्यापीठ पातळीवरील सामंजस्य कराराची कागदपत्रे दोन्हीकडे जवळपास सारखीच असल्याने ती बाजूला ठेवली आहेत.

बहुराष्ट्रीय गटाचे मोल मला मान्य आहे. ‘ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट’ या उपक्रमात एकाच ठरलेल्या दिवसाच्या बातम्या जगभर तपासल्या जातात. 1995 मध्ये 71 देशांत सुरू झालेले हे काम 2020 मध्ये 116 देशांत झाले आणि बातम्यांमध्ये दिसणाऱ्या-बोलणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण या 25 वर्षांत 17 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवरच पोहोचल्याचे त्यातून समोर आले. असे निष्कर्ष दोन विभागांच्या आवाक्यातले नव्हेत. शिवाय अशा कामात विद्यार्थ्यांना आशय-विश्लेषणाची जी शिस्त लागते, ती वर्गात शिकवून लागत नाही.

मी ज्या बहुराष्ट्रीय अभ्यासात होतो तो मात्र वेगळा, पत्रकारांच्या कामाच्या परिस्थितीविषयीचा होता, आणि माझा निर्णय तेथील एका प्रश्नाने केला. नोकरीचे स्वरूप विचारणाऱ्या त्या प्रश्नाला पूर्णवेळ, अर्धवेळ आणि मुक्त असे तीनच पर्याय होते. निफाड तालुक्यातील एका वार्ताहरांना तो विचारला तेव्हा त्यांनी पिशवीतून बातम्यांच्या वहीबरोबर जाहिरातींचे पावतीपुस्तक काढून टेबलावर ठेवले आणि यांतले कोणते धरायचे ते तुम्हीच सांगा, असे म्हणाले. वृत्तपत्राकडून त्यांना मिळणारे मानधन नाममात्र होते. घर चालत होते ते दिवाळी पुरवणीच्या आणि वाढदिवसांच्या जाहिरातींवरील कमिशनवर, आणि गावातील अंकांची एजन्सीही त्यांच्याकडेच होती. ज्या पुढाऱ्याची जाहिरात घ्यायची त्याच्याविषयी बातमी कशी लिहायची, हा त्यांच्या स्वातंत्र्याचा खरा प्रश्न होता. चांदवड, येवला, दिंडोरी, जावे तेथे थोड्याफार फरकाने हेच ऐकू आले.

जाहिरात-कमिशनचा एक पर्याय वाढवावा, अशी विनंती आम्ही केली. प्रायोगिक चाचणीनंतर प्रश्नावली गोठवली असून एका देशासाठी ती बदलल्यास तुलनाच होऊ शकणार नाही, असे सौजन्यपूर्ण उत्तर आले. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच होते, आणि अडचणही नेमकी तीच आहे, कारण प्रश्न ठरले तेव्हा निफाडचा वार्ताहर कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हता. शेवटी ही सारी मंडळी ‘मुक्त पत्रकार’ या रकान्यात गेली आणि आमच्या जिल्ह्याविषयी जे सांगण्यासारखे होते ते आकडेवारीतून गळून गेले. ही खंत मला आजही आहे.

नंतर नेपाळमधील एका विद्यापीठाच्या माध्यम विभागाबरोबर काम केले, तेव्हा प्रश्नच दोघांच्या बोलण्यातून उभा राहिला. आपल्याकडे सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या तयार करता येत नाहीत, आकाशवाणीची बातमीपत्रे तेवढी पुन्हा लावता येतात. नेपाळमध्ये रेडिओ सगरमाथा 1997 साली सुरू झाला आणि आज तेथील स्थानिक एफएम केंद्रे आपापल्या बातम्या देतात. मग रेडिओवर गावची बातमी नसलेला कांदा उत्पादक ती कोठून मिळवतो आणि तिच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवतो, हे आम्ही दोन्हीकडे विचारले. पहिल्या काही मुलाखतींतून व्हॉट्सअ‍ॅप गटाचा प्रमुख कोण असतो हे महत्त्वाचे ठरत असल्याचे दिसताच तो प्रश्न एका फोनवर यादीत आला. घड्याळातला फरक पंधरा मिनिटांचा आणि प्रवासाला व्हिसा नाही, या सोयीही लहान नाहीत.

या मार्गाचे धोकेही आहेत. जोडीदार प्राध्यापक प्रदीर्घ रजेवर गेले की काम थांबते, आणि नियतकालिकांचे परीक्षक ‘हेच दोन प्रदेश का?’ असे विचारतात. त्याचे उत्तर आधीच तयार हवे.

पैशांच्या बाबतीत, आपले महाविद्यालय एखाद्या न्यासाचे असेल तर परदेशी अनुदान थेट घेण्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीचे नियमन करणाऱ्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ते अनुदान दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, त्यामुळे क्षेत्रकार्य स्थानिक संस्थेवर सोपवण्याचा बेत बारगळतो. आम्ही दोघांनी आपापला खर्च आपापल्या बाजूने केल्यामुळे हा प्रश्न आलाच नाही. पदोन्नतीचा हिशेबही पाहावा : यूजीसीच्या 2018 च्या विनियमांनुसार दोन लेखकांच्या लेखात प्रत्येकाला 70 टक्के गुण मिळतात, तर त्याहून अधिक लेखक असल्यास मुख्य लेखक वगळता इतरांना 30 टक्के.

आपला विषय मुळातच जागतिक मोजमापाचा असेल, किंवा विभाग नवा असून पद्धतशास्त्राचा सराव हवा असेल, तर बहुराष्ट्रीय गट कदाचित अधिक योग्य ठरेल. तालुक्याच्या पातळीवरील पत्रकारिता, बाजारभावाची माहिती, येत्या सिंहस्थातील अफवा आणि बातम्या असे काही मनात असेल, तर मी जोडीदार विभागच शोधेन. मोठ्या गटाचे निमंत्रण आधीच हाती असल्यास होकार कळवण्यापूर्वी, प्रश्नावलीच्या शेवटी आपल्या देशापुरते काही प्रश्न जोडता येतील का आणि त्यांची माहिती स्वतंत्रपणे प्रसिद्ध करता येईल का, एवढे लेखी विचारून घ्यावे. दोन्हींना होकार आला तर मीही पुन्हा अशा गटात जाईन.