लायडा-मिगी की जॉय-ईथन? आधी कोणता फिलिपिनो सिनेमा पाहावा

फिलिपिनो रोमँटिक कॉमेडी पहिल्यांदाच पाहणार असाल आणि वरच्या-खालच्या थरांतल्या प्रेमाचीच गोष्ट हवी असेल, तर मी दोनच नावं सुचवेन: 2008 चा ‘अ व्हेरी स्पेशल लव्ह’ आणि 2019 चा ‘हॅलो, लव्ह, गुडबाय’. दोन्हींची दिग्दर्शिका एकच, कॅथी गार्सिया-मोलिना. तरी पहिला पाहून तुम्ही हसतमुखाने झोपायला जाल, दुसऱ्यानंतर झोप लवकर येणार नाही.

पहिल्याची कथा ओळखीची आहे. लायडा (सारा जेरोनिमो) साध्या घरातली, बडबडी मुलगी. मिगी माँटेनेग्रोवर (जॉन लॉइड क्रूझ) तिचा कधीपासून जीव. तो चालवत असलेल्या मासिकात ती संपादकीय सहायक म्हणून लागते आणि कळतं, की साहेब भयंकर चिडका आहे. मिगी बड्या घरातला खरा, पण अनौरस. बापासमोर आणि सावत्र भावासमोर स्वतःला सिद्ध करायची त्याची धडपड कधी थांबतच नाही. म्हणून इथे खरी गरिबी त्याच्या वाट्याला आली आहे: पैसा आहे, पण घर नाही. लायडाकडे नेमकं उलट. सारा मुळात गायिका, पण तिचा चेहरा इतका मोकळा, की बोलणी खाऊनही ती हसते तेव्हा ते खोटं वाटत नाही. माझी तक्रार एकच. पैशाची दरी इथे फार सहज बुजते. मुलीने माया लावली, मुलगा सुधारला, झालं.

‘हॅलो, लव्ह, गुडबाय’मध्ये श्रीमंत नायक नाहीच. जॉय (कॅथरिन बर्नार्डो) हाँगकाँगमध्ये घरकाम करते, चोरून बाहेरची कामंही करते, कारण तिला कॅनडा गाठायचा आहे. ईथन (आल्डेन रिचर्ड्स) बारटेंडर आहे आणि कायम रहिवासी होण्याची वाट पाहतोय. दोघंही राबणारे, दोघंही फिलिपिनो. मग थर कुठे आले? ते कागदपत्रांत आहेत. परक्या देशातून आलेल्या इतर नोकरदारांना हाँगकाँगमध्ये 7 वर्षांनी कायम राहण्याचा हक्क मागता येतो. घरकामगारांना मात्र कितीही वर्षं राबलं तरी नाही. 2013 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. त्यांनी मालकाच्याच घरात राहायचं, दुसरं काम करायचं नाही, करार संपला की साधारण 2 आठवड्यांत देश सोडायचा. हे माहीत असलं की जॉयची घाई कळते. रविवारी सेंट्रल भागात पुलांवर, इमारतींच्या सावलीत पुठ्ठे अंथरून शेकडो बायका बसतात, डबे उघडतात, घरी फोन लावतात. आठवड्यातला तेवढाच दिवस त्यांचा. एवढं ठाऊक असलं, की जॉय-ईथनच्या चोरट्या भेटींना वेगळंच वजन येतं.

सिनेमा म्हणून मला दुसराच उजवा वाटतो, आणि फिलिपिनो प्रेक्षकांनीही त्याला त्या वेळपर्यंतची देशी चित्रपटांतली सर्वाधिक कमाई मिळवून दिली. कॅथरिनने थकवा असा दाखवलाय, की संवादाची गरजच उरत नाही. पण त्याला कॉमेडी म्हणायचं तर पहिल्या तासापुरतंच.

तेव्हा घरच्यांसोबत पाहायचं असेल, आठवडा वाईट गेला असेल, तर डोळे झाकून लायडा-मिगी लावा. घरात कुणी परदेशी नोकरीला असेल किंवा जायच्या तयारीत असेल, तर जॉय-ईथन. मात्र शेवट गोड व्हायलाच हवा असा हट्ट असेल, तर त्या वाटेला जाऊ नका. दोन्हींत तागालोग आणि इंग्रजीची सरमिसळ चालते, त्यामुळे सबटायटल्स हवीतच.

लायडा-मिगीची गोष्ट 2009 आणि 2013 मध्ये पुढे गेली. पहिला आवडला तरच तिकडे वळा. जॉय-ईथनचा 2024 चा पुढचा भाग कॅनडात घडतो. तो आधी पाहू नका, पहिल्याचा शेवट त्यात उघड होतो.