पांढऱ्या सुया: स्कोलेसाइट घ्यावं की मेसोलाइट?

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयासारख्या ठिकाणी काळ्या दगडातून फुटलेल्या पांढऱ्या सुया पाहिल्या, की आपल्या कपाटातही एक नमुना असावा असं वाटू लागतं. मग प्रश्न येतो: स्कोलेसाइट की मेसोलाइट? दोन्ही झिओलाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या सिलिकेट खनिजांच्या गटातली, आणि दोन्ही दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत वाढलेली. मोह्सच्या मोजपट्टीवर दोन्हींची कठीणता 5 ते 5.5. हा आकडा पाहून फसू नका. ओरखडा किती सहज उठतो एवढंच तो सांगतो. सुई मोडेल का, ते तिच्या जाडीवर ठरतं.

आणि खरी गोम जाडीतच आहे. नाशिककडच्या चांगल्या स्कोलेसाइटचा स्फटिक दाभणासारखा भरीव असू शकतो. भिंग लावलं तर जुळ्या स्फटिकांमुळे अंगावर पिसासारख्या तिरक्या रेषा दिसतात, कधी टोकाशी खाचही. मेसोलाइट बहुधा केसाएवढं बारीक, रुईच्या म्हातारीसारखं. नुसतं हळूच फुंकलं तरी तुरा थरथरतो. देखणेपणात मला मेसोलाइटच उजवं वाटतं, पण त्यावर धूळ बसली की संपलं. ब्रश फिरवायची सोयच नाही.

नावांतही मजा आहे. ‘स्कोलेक्स’ म्हणजे ग्रीकमध्ये अळी. तापवलं की स्कोलेसाइट अळीसारखं वळतं. ‘मेसो’ म्हणजे मधलं: नॅट्रोलाइट या यांच्याच भावंड खनिजामध्ये सोडियम, स्कोलेसाइटमध्ये कॅल्शियम आणि मेसोलाइटमध्ये दोन्ही. बारीक सुयांत हा फरक डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे अशा नमुन्यावरचं नाव नुसत्या नजरेने ठरवलेलं असेल, तर त्याला पेन्सिलीने लिहिलेलं समजा. खात्री हवी तर क्ष-किरण तपासणी किंवा रासायनिक विश्लेषण लागतं. पुण्याकडच्या ओकेनाइट या खनिजाचे कापसासारखे गोळेही यांच्याच रांगेत मांडलेले दिसतात, पण ते झिओलाइट नव्हेच. बोट लागलं की चपटे होतात.

उघड्या फळीवर ठेवणार असाल, घरात लहान मुलं असतील किंवा पहिलाच नमुना असेल, तर स्कोलेसाइट घ्या. बंद झाकणाचा काचेचा डबा आधीच तयार असेल तरच मेसोलाइट. दोन्हींना आम्लात बुडवू नका. नमुन्यावर चिकटलेलं कॅल्साइट हे खनिज काढायची ही नेहमीची युक्ती इथे अंगाशी येते, कारण हायड्रोक्लोरिक आम्लात या सुयांचा चिकट लगदा होतो.

‘एरिओनाइट’ अशी पाटी असलेला तंतुमय झिओलाइट मात्र संग्रहालयातच पाहावा. त्याचे तंतू श्वासातून गेल्यास कर्करोग होऊ शकतो. तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाच्या काही गावांनी ते भोगलं आहे.