आउटरिगर: काठावर की टी-टॉपवर?

फ्लोरिडातला भाचा विचारतोय, "मामा, २२ फुटी बोटीला आउटरिगर कुठे बसवू?" आउटरिगर म्हणजे बोटीच्या दोन्ही बाजूंना बाहेर पसरणारे लांब पोल, गळाच्या दोऱ्या एकमेकींपासून दूर ठेवायला. माही-माही या समुद्री माशासाठी ट्रोलिंग करायचंय, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत मासेमारी. १५ फुटी अॅल्युमिनियमचे सरकते पोल ठरलेत. (कार्बन फायबर ताठ आणि हलकं असतं, पण एवढ्या बोटीला ती चैनच.)

खर्चात बोटीच्या काठावरचे बेस (पोल धरून ठेवणारे आधार) जिंकतात. टी-टॉपचे, म्हणजे सुकाणूच्या जागेवर पाइपांच्या सांगाड्यावर उभ्या छताचे, खालून हँडल फिरवून पोल बाहेर काढायचे बेस महाग. शिवाय छत कापडी असेल तर सांगाड्यावर आधी प्लेट बसवावी लागते.

मजबुतीचा प्रश्न मात्र बेसच्या खाली असतो. लाटेत लांब पोल तरफेसारखा बेस उपटायला बघतो, म्हणून नुसते स्क्रू नकोत. आरपार बोल्ट आणि आतून बॅकिंग प्लेट (बोल्टचा ताण पसरवणारी पट्टी) हवीच. काठाच्या गाभ्यात लाकूड असेल तर भोकाच्या कडा आधी इपॉक्सीने बंद करायच्या, मग सीलंट. नाहीतर पाणी झिरपून गाभा कुजतो आणि वरून काहीच दिसत नाही. टी-टॉपवर त्रास वेगळा: स्टीलचा बोल्ट अॅल्युमिनियमला थेट टेकला की खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम झिजतं, मध्ये नायलॉन वॉशर घालावा.

वापरायला टी-टॉप सुखाचं. काठावरचा बेस नेमका चालायच्या वाटेत येतो, मासा लागल्यावर पळापळीत गुडघा तिथेच आपटतो.

बोटीला टी-टॉप नसेल किंवा महिन्यातून एकदाच जाणार असाल, तर काठावरच बसवा. भाच्याकडे पक्कं फायबरग्लासचं छत आहे आणि तो बहुतेक वेळा एकटाच जातो. त्याने वरच बसवावेत.