वाहू किकर कोअर: आठवडाभर घरात सायकल, सुट्टीला डोंगर मोकळा

नोकरी-घर सांभाळून ट्रेल रनिंग (डोंगरवाटांवर पळणं) आणि सायकलिंग दोन्ही करायचं म्हटलं की आधी मार खाते ती सायकल. पळायचं तर बूट घातले की निघता येतं. सायकलला हवा बघा, दिवे चार्ज करा, रहदारीतून बाहेर पडा, परत आल्यावर चेन पुसा. तासाभराच्या राइडला सहज पावणेदोन तास जातात. मग आठवडाभर सायकल भिंतीला टेकून राहते आणि सुट्टीच्या दोन दिवसांत डोंगरही हवा, लांबची राइडही हवी. पाय थकतात, घरचेही वैतागतात. वाहू कंपनीचा किकर कोअर हा घरात सायकल चालवायचा ट्रेनर घ्यायचा तो ही कोंडी फोडण्यासाठी. त्या कामाला तो चांगला आहे, पण काही गोष्टी त्याच्याकडून होणार नाहीत, आणि पळणाऱ्यांनी त्या आधीच नीट समजून घ्याव्यात.

हा डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर आहे. मागचं चाक काढायचं आणि सायकल थेट यंत्रावर बसवायची. २०१८ साली आलेल्या मूळ मॉडेलचं फ्लायव्हील (गती टिकवणारं जड चाक) ५.४ किलोचं, रेझिस्टन्स (पेडलला होणारा विरोध) १८०० वॉटपर्यंत, चढाचा भास १६ टक्क्यांपर्यंत आणि पॉवर (पेडलवरचा जोर, वॉटमध्ये) मोजण्यात फरक २ टक्के कमी-जास्त. त्याच कंपनीच्या मोठ्या किकरमध्ये चढ २० टक्क्यांपर्यंत जातो, फ्लायव्हील ७.३ किलोचं आहे. हौशी माणूस १८०० वॉटच्या जवळपासही फिरकत नाही, आणि १६ टक्क्यांचा चढ घरात बसून चढायची हौस दोनदा-तीनदात फिटते. मोठ्या किकरवर जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा तेच चांगल्या पंख्यावर आणि जाड मॅटवर घालावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जोडणीत अर्धा-पाऊण तास जातो आणि बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं. साध्या कोअरच्या खोक्यात कॅसेट (मागच्या गिअरच्या दातेरी चक्रांचा संच) येईलच असं नाही. मागवण्याआधी खात्री करा. फ्रीहब, म्हणजे कॅसेट जिच्यावर बसते ती नळी, शिमानो एचजी पद्धतीचा आहे. ११ स्पीडची रोड कॅसेट त्यावर सरळ बसते. ८, ९ किंवा १० स्पीडची असेल तर आधी १.८ मिलिमीटरचा स्पेसर घालावा लागतो. तो विसरला की लॉकरिंग (कॅसेट आवळून धरणारी कडी) पूर्ण आवळूनही कॅसेट हाताने हलते आणि प्रत्येक पेडलला खुळखुळ ऐकू येते. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळायची. टॉर्कचा पाना नसेल तर दुकानातून करून घ्या, अंदाजपंचे नको. स्रामची एक्सडी किंवा शिमानोची मायक्रो स्प्लाइन कॅसेट असलेल्या माउंटन बाइकसाठी फ्रीहबच बदलावा लागतो, त्याचा खर्च आधीच धरा. झ्विफ्ट या घरातल्या सायकलिंगच्या अ‍ॅपचा कॉग (दातेरी चक्र) बसवलेली आवृत्तीही मिळते: कॅसेटऐवजी १४ दातांचा एकच कॉग आणि गिअर आभासी. घरात दोघं वेगवेगळ्या सायकली लावणार असतील तर ती फार सोयीची. मात्र आभासी गिअर झ्विफ्टसारख्या ठरावीक अ‍ॅपमध्येच चालतात, हे लक्षात ठेवा.

एक्सल (चाकाचा आस) बघून योग्य अ‍ॅडॅप्टर लावा: क्विक रिलीजला (खटक्याने आवळायचा बारीक आस) १३० किंवा १३५ मिलिमीटर, थ्रू एक्सलला (आरपार जाणारा जाड आस) १४२ किंवा १४८ बाय १२. थ्रू एक्सल सायकलचाच वापरायचा. क्विक रिलीज सैल राहिला तर उभं राहून जोर लावताना टक टक असा आवाज येतो. लोक ट्रेनर खराब आला म्हणून परत पाठवतात आणि दोष निघतो एका वळशाचा.

डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्या काढल्या कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) पॅड स्पेसर, म्हणजे पॅडच्या मधली पट्टी, सरकवा. हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर डिस्कशिवाय दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात, पॅड एकमेकांना चिकटतात, आणि रविवारी सकाळी चाक परत घालताना डिस्क आतच शिरत नाही. ट्रेनरवर मागचा ब्रेक दाबण्याचं काही कारण नसतं, तरी हात सवयीने जातोच. स्पेसर हरवला असेल तर पुठ्ठ्याची घट्ट घडीही चालते. पॅड चिकटलेच तर प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने हळूहळू मागे रेटावेत, स्क्रूड्रायव्हरने नाही.

ट्रेनरवरची कॅसेट आणि चाकावरची कॅसेट यांच्या जागेत मिलिमीटरभर फरक पडला तरी गिअर खरखरतात. डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या भागाच्या) बॅरल अ‍ॅडजस्टरला, म्हणजे केबलचा ताण बदलणाऱ्या गोल नटाला, अर्धा वळसा देऊन बघा. सहसा तेवढं पुरतं. किती वळसे दिले ते टेपच्या तुकड्यावर लिहून फ्रेमला चिकटवा, म्हणजे चाक परत लावताना तेवढेच उलटे देता येतात. चेन ०.७५ टक्के ताणली गेली असेल तर नव्या कॅसेटवर ती दात सोडणार, म्हणून चेनही त्याच वेळी बदला. चाक २७.५ किंवा २६ इंची असेल तर सायकल पुढे झुकते. पुढच्या चाकाखाली काहीतरी घालून ती सपाट करा, नाहीतर सगळं वजन तळहातांवर येतं.

पॉवरचे आकडे खरे यायचे तर स्पिनडाउन, म्हणजे ट्रेनरचं मोजमाप जुळवणं, करावं लागतं. आधी १० ते १५ मिनिटं सायकल चालवून यंत्र गरम होऊ द्या. मग वाहूच्या अ‍ॅपमध्ये स्पिनडाउन सुरू करा, अ‍ॅप सांगेल त्या वेगापर्यंत न्या आणि पाय थांबवा. फ्लायव्हील आपोआप मंदावू द्यायचं, ब्रेक लावायचा नाही. थंड यंत्रावर केलं तर आकडा चुकतो. ट्रेनर दुसऱ्या खोलीत हलवला किंवा हवामान बरंच पालटलं की पुन्हा करा. अ‍ॅप झ्विफ्ट असो, ट्रेनररोड असो की आणखी कुठलं, रेझिस्टन्सचा ताबा एका वेळी एकाकडेच हवा. फोन आणि लॅपटॉप दोन्ही जोडलेले राहिले की मधेच रेझिस्टन्स गायब होतो आणि लोक ट्रेनरला दोष देतात.

वेळ कमी असलेल्यांना अर्ग मोड आवडेल. वॉट ठरवून दिले की पाय कितीही वेगाने फिरवा, ट्रेनर तेवढेच वॉट काढून घेतो. गिअरचा विचार नको, डोकं मोकळं. पण त्यात एक सापळा आहे. दमल्यावर केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) पडतो, तेवढेच वॉट काढायला ट्रेनर आणखी घट्ट होतो, केडन्स आणखी पडतो, आणि काही सेकंदांत पेडल चिखलात रुतल्यासारखं होतं. इंटरव्हल (जोराचा टप्पा) सुरू व्हायच्या ५ सेकंद आधी केडन्स ९० ते ९५ वर आणा. तरीही रुतलात तर जोर लावत बसू नका. क्षणभर थांबून रेझिस्टन्स सुटू द्या आणि पुन्हा फिरवायला लागा. ३० सेकंदांहून लहान स्प्रिंटला अर्ग बंदच ठेवा, कारण रेझिस्टन्स बदलायला त्याला काही सेकंद लागतात आणि तोवर स्प्रिंट संपत आलेली असते. गिअर मधल्या कॉगवर, चेन सरळ रेषेत राहील असा. पुढे लहान चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) ठेवली तर फ्लायव्हील हळू फिरतं, आवाज कमी होतो आणि पायाला चढाचा भास होतो. डोंगर चढणाऱ्यांनी हाच गिअर घ्यावा.

आता पंखा. ही चैन समजू नका. पेडलवर २०० वॉट निघतात तेव्हा शरीर साधारण ६०० ते ८०० वॉट उष्णताही तयार करत असतं. रस्त्यावर वारा ती उडवून नेतो, बंद खोलीत ती अंगावरच साचते. तेवढ्याच वॉटला हृदयगती वाढत जाते आणि विसाव्या मिनिटाला वाटतं की आज जमत नाही. खरं तर दम संपलेला नसतो, अंग तापलेलं असतं. एक मोठा पंखा समोरून छातीवर, जमलं तर दुसरा पाठीमागून, आणि खिडकी उघडी. घाम येण्याआधीच पंखा सुरू करा.

घामाचं मीठ सायकलचं फार नुकसान करतं. घाम हँडलबारवरून स्टेमच्या (हँडलबार धरणाऱ्या भागाच्या) बोल्टमध्ये आणि हेडसेटच्या वरच्या बेअरिंगमध्ये झिरपतो. वरून सगळं चकचकीत दिसतं, आणि वर्षभराने बोल्ट उघडायला गेलं तर डोकं झिजून पाना फिरत राहतो. हँडलबार आणि टॉप ट्यूबवर टॉवेल टाका, उतरल्यावर ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसा, महिन्यातून एकदा स्टेमचे बोल्ट काढून ग्रीसचा हात फिरवा. बारटेपच्या आतही मीठ साचतं. टेप बदलताना आतलं अ‍ॅल्युमिनियम पांढरट, खडबडीत झालंय का ते बघा.

आवाजाच्या बाबतीत कोअर समाधानकारक आहे. शेजारच्या खोलीत झोपलेलं मूल उठेल असा आवाज होत नाही. जो येतो तो चेनचा, आणि पंख्याचा त्याहून जास्त. खालच्या मजल्यावर मात्र आवाजापेक्षा कंप पोहोचतो. जाड रबरी मॅट आणि प्रत्येक पायाखाली आणखी एक रबराचा तुकडा, एवढ्याने बराच फरक पडतो.

बसण्याचा त्रास होतो हे मान्य करायला हवं. रस्त्यावर सायकल सतत थोडी डोलते, ट्रेनरवर ती खिळलेली असते आणि सगळा भार सीटवर एकाच जागी पडतो. दर ८-१० मिनिटांनी १५-२० सेकंद पेडलवर उभे राहा. बधिरपणा यायला लागल्यावर उठून उपयोग नाही, आधीच उठायचं.

ट्रेल रनिंग करणाऱ्याला या यंत्रातून मिळतं ते दम वाढवणारं काम, तेही सांध्यांना धक्का न देता. घरातल्या ४५ मिनिटांत सिग्नल नाही, उतारावर पाय सोडून देणं नाही. कामाच्या दिवसासाठी एक नेमकं सत्र: १० मिनिटं हलकं, मग ४ मिनिटं जोरात असं चार वेळा, मधे ३-३ मिनिटं सावकाश, शेवटी १० मिनिटं हलकं. बरोबर ४५ मिनिटं. दुसऱ्या एखाद्या दिवशी तासभर गप्पा मारता येतील इतक्याच जोरावर. फोन आला, मूल उठलं, तर विसाव्या मिनिटाला उतरता येतं. घरापासून १५ किलोमीटरवर असताना ही सोय नसते.

न मिळणारी गोष्ट म्हणजे उतार. उतारावर पळताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत असतानाच शरीर तोलून धरतात. सायकलवर ते फक्त आखडत जोर लावतात. त्यामुळे महिनाभर ट्रेनरवर घाम गाळून डोंगरावर गेलात तर चढ छान जातो आणि उतारानंतर दोन-तीन दिवस जिना उतरवत नाही. बरं, उपाय फार वेळ खात नाही. उतारावरचं एक थोडक्यातलं सत्रही स्नायूंना पुढचे काही आठवडे सावरतं. म्हणून दर १०-१४ दिवसांनी मध्यम उतारावर ६ ते ८ छोटे फेरे मारावेत, प्रत्येकी मिनिटभराचे. आठवड्यातलं एक छोटं पळणंही सोडू नये. घोटे आणि पिंढऱ्यांना ट्रेनर काहीच शिकवत नाही. ट्रेनरवरचे इंटरव्हल आणि उताराची लांब पळापळ यांत ४८ तास ठेवा.

पळण्याचे हार्ट रेट झोन (हृदयगतीनुसार कष्टाचे टप्पे) सायकलला जसेच्या तसे लावू नका. तेवढ्याच कष्टाला सायकलवर हृदयगती सहसा कमी दिसते. २० मिनिटांच्या चाचणीतले सरासरी वॉट गुणिले ०.९५ हा एफटीपीचा (साधारण तासभर टिकवता येतील अशा वॉटचा) अंदाज घेऊन झोन वेगळे काढा, आणि ही चाचणी ट्रेनरवरच द्या, कारण घरातला आकडा बाहेरच्यापेक्षा बऱ्याचदा कमी येतो.

ज्यांच्या घराबाहेर पाच मिनिटांत मोकळा रस्ता आहे आणि उजेडात वेळही मिळतो, त्यांना याची गरज नाही. वीज सारखी जात असेल तर टॅक्स कंपनीचा निओ २टी ट्रेनर बघावा, तो प्लगशिवाय चालतो. कोअरला वीजजोडणी लागते. टायरला रोलर टेकवणारे स्वस्त ट्रेनर काम भागवतात, पण टायर झिजतो, घसरतो, आणि हवा व रोलरचा दाब दर वेळी सारखा नसेल तर वॉटचे आकडे बदलत राहतात.

जुनी जादा फ्रेम असेल तर ती कायमची ट्रेनरवर चढवून ठेवा. दर वेळी चाक काढावं लागलं तर कंटाळ्याने यंत्र अडगळीत जातं. एकच सायकल असेल तर ट्रेनरचे दिवस सलग ठेवा आणि शुक्रवारी रात्रीच चाक परत लावा: स्पेसर काढा, एक्सल आवळा, बॅरल अ‍ॅडजस्टर टेपवर लिहिल्याप्रमाणे मागे फिरवा, ब्रेक चार-पाच वेळा दाबून लिव्हर घट्ट लागतोय का बघा आणि चाक फिरवून डिस्क पॅडला घासत नाही याची खात्री करा.